इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : गावोगावचा इतिहास दारोदार फिरून गोळा करणारा माणूस



इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासात आपण शिवछत्रपतींचा इतिहास शिकतो. पुढच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा भाग येतो. लिखित साधने, भौतिक साधने, मौखिक साधने हे तीन प्रकार मुलं पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितातही. पण ही लिखित साधनं कुणी शोधली? ती कुठे पडून होती? कुणाच्या घरातून बाहेर आली? असं विचारलं की वर्ग शांत होतो. म्हणूनच आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेणार आहोत ज्याने आपलं सगळं आयुष्य जुने कागद शोधण्यात घालवलं. त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. महाराष्ट्र त्यांना 'इतिहासाचार्य' म्हणून ओळखतो.

बालपण आणि शिक्षण

राजवाडे मूळचे वरसईचे. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात आहे. १८५७ च्या उठावाच्या काळात उत्तर हिंदुस्थानात फिरून आलेले आणि 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजीही याच वरसईचे. एका लहानशा गावाने मराठी इतिहासाला अशी दोन माणसं दिली, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

राजवाड्यांचे वडील ते अगदी लहान असतानाच वारले. घरची परिस्थिती बेताची. पुढचं शिक्षण पुण्यात झालं. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हेही पुढे संस्कृतचे मोठे पंडित म्हणून नावाजले. विश्वनाथरावांनी डेक्कन कॉलेजातून बी.ए.ची पदवी घेतली. पण पदवीसाठी नेमलेल्या पुस्तकांपेक्षा त्यांचं लक्ष ग्रंथालयातल्या इतर पुस्तकांकडेच जास्त. इतिहास, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, तत्त्वज्ञान, जे हाती येईल ते वाचायचं. जोडीला रोजचा व्यायाम. शाळा-कॉलेजातल्या आपल्या अनुभवांवर त्यांनी नंतर एक मोठा लेख लिहिला. त्याचं नाव 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव'. त्यावेळच्या घोकंपट्टीच्या शिक्षणावर त्यांनी त्यात कडक टीका केली आहे. आपण शिक्षकांनी हा लेख मुद्दाम वाचावा असाच आहे.

शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी केली. पण एका जागी बांधून घेणं त्यांना जमलं नाही. पुढे 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत हा त्यामागचा हेतू होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं मराठी भाषांतर त्यांनी यासाठीच हाती घेतलं. इंग्रजी उत्तम येत असूनही आपलं लेखन मराठीतच करायचं, हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. ऐन तारुण्यात त्यांची पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घर-संसाराची ओढ राहिली नाही आणि इथून पुढे त्यांची पायपीट सुरू झाली.

वाईला मिळालेलं घबाड

त्या काळात मराठ्यांचा इतिहास म्हटला की ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा ग्रंथ समोर ठेवला जाई. डफ साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. तो त्याने मेहनतीने लिहिला होता, यात शंका नाही. पण राज्य घेणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने लिहिलेला इतिहास हाच आपला शेवटचा शब्द मानायचा का, हा प्रश्न तेव्हाच्या तरुणांना पडू लागला होता. 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकातून १८७८ पासून जुन्या बखरी आणि पत्रं छापायला सुरुवात झालीच होती. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरावर काम करत होते. साताऱ्याला पारसनीस होते.

राजवाड्यांना वाई इथे जुन्या पत्रांचा मोठा साठा मिळाला. ही पत्रं होती १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतच्या आधीची आणि पानिपतपर्यंतची. स्वारीवर गेलेली माणसं, पैशांची ओढाताण, उत्तरेकडच्या बातम्या, सगळं त्या पत्रांत होतं. १८९८ साली ही पत्रं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने ग्रंथरूपात आली. हा पहिला खंड. त्याला त्यांनी भली मोठी प्रस्तावना लिहिली आणि ग्रँट डफच्या तारखा व घटनांमधल्या चुका एकेक करून दाखवल्या. भावनेच्या भरात डफला नावं ठेवणं सोपं होतं. राजवाड्यांनी तसं न करता कागद समोर ठेवला. पुढे या मालिकेचे एकूण २२ खंड निघाले.

कागद मिळवायचे म्हणजे काय करायचे?

मित्रांनो, आज आपण मोबाईलवर शोधतो आणि दोन मिनिटांत माहिती मिळते. तेव्हा तसं नव्हतं. पेशव्यांचं पुण्यातलं प्रचंड दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होतं. ते अभ्यासकांना सहजासहजी बघायला मिळत नसे. त्यातले निवडक कागद सरदेसाईंच्या संपादनाखाली छापून यायला १९३० साल उजाडलं. मग उरलं काय? उरले गावोगावचे वाडे, देशमुख-देशपांड्यांची घरं, कुलकर्ण्यांचे माळे, मठ आणि देवळं.

या घरांतून लाल किंवा पांढऱ्या फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी असायची. त्यांना 'रुमाल' म्हणतात. माळ्यावर धूळ खात पडलेले. कुठे वाळवी लागलेली, कुठे उंदरांनी कुरतडलेले, कुठे पावसाच्या गळतीने एकमेकांना चिकटलेले. मोडी वाचणारं माणूस घरात राहिलं नाही की हे कागद निरुपयोगी वाटू लागत. मग ते वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जात, नाहीतर बंबात. एकदा का कागद जळाला की त्यातला माणूसही गेला. ही भीती राजवाड्यांच्या मनात कायम होती आणि त्यामुळेच त्यांची चाल नेहमी घाईची होती.

बरं, दार ठोठावलं की कागद मिळत, असंही नाही. लोक घाबरत. याला एक कारण होतं. १८५० नंतर इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमून गावोगावच्या इनामांची कागदपत्रं तपासली होती. त्या चौकशीत कित्येकांची इनामं गेली. तेव्हापासून कागद बघायला आलेला परका माणूस म्हणजे संकट, असं घराघरांत बसलेलं. शिवाय भाऊबंदकीचे वाद होतेच. आपला कागद चुलत्याच्या हाती लागला तर? अशा घरांत जाऊन बसायचं, ओळख काढायची, विश्वास मिळवायचा आणि मग रुमाल सोडायचा. हे काम राजवाड्यांनी वर्षानुवर्षं केलं. राहणी अगदी साधी. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा. बरीच वाट पायी. स्वभाव मात्र तापट. मनाविरुद्ध झालं की फटकन तोंडावर बोलत. जमलेले कागद ठिकठिकाणी ओळखीच्या लोकांकडे पेट्यांत ठेवलेले असत.

तारीख शोधण्याचं गणित

कागद मिळाला तरी काम संपत नाही. जुनं पत्र मोडी लिपीत असतं. ते आधी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवायचं. मग तारीख लावायची. जुन्या पत्रांत पुष्कळदा शुहूर सन असतो आणि तोही आकड्यांत नाही, अरबी संख्याशब्दांत. उदाहरणार्थ 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. बेरीज झाली ११६१. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनमध्ये सुरू होतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच वर्षात बसते. बघा, इतिहासाच्या तासाला गणित कसं येतं ते! पाचवीच्या पुढच्या मुलांना ही बेरीज फळ्यावर करायला दिली तर ती आवडीने करतात.

पुष्कळ खासगी पत्रांवर तर साल नसतंच, नुसता महिना आणि तिथी किंवा चंद्र असतो. मग आतल्या मजकुरावरून साल ठरवायचं. कोण जिवंत आहे, कोण वारलं, फौज कुठे आहे, हे जुळवत जायचं. राजवाड्यांनी अशी शेकडो पत्रं ओळीने लावली.

राजांचा नाही, गावाचा इतिहास

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. या २२ खंडांत लढाया आणि राजकारण आहेच. पण काही खंडांत शिवकाळातल्या देशमुख-देशपांडे घराण्यांचे कागद आहेत. वतनाचे तंटे, निवाडे, महजर, जमिनीची देणी-घेणी असं सगळं त्यांत येतं.

महजर म्हणजे काय ते समजून घेऊ. गावात पाटीलकीवरून किंवा शिवेवरून भांडण झालं की गोतसभा बसे. तिच्यात पाटील, कुलकर्णी, शेतकरी आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, मांग, महार असे बलुतेदार हजर असत. सगळ्यांच्या साक्षीने निवाडा लिहिला जाई, तोच महजर. ज्यांना लिहिता येत नसे ते सहीच्या जागी निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर. बाकीचे आपापल्या धंद्याच्या अवजाराची खूण काढत.

आता विचार करा. ज्या माणसाचं नाव कुठल्याच बखरीत नाही, त्याची खूण तीनशे वर्षांनी आपल्याला एका कागदावर सापडते. गावाची शीव कुठे, हे सांगताना सगळ्यांनी ज्याचा शब्द मानला तो माणूस कधी कधी गावच्या वेशीबाहेर राहणारा असे. हे फक्त अशा कागदातूनच कळतं. म्हणून देशमुखाच्या माळ्यावरचा रुमाल जळाला तर नुकसान एकट्या देशमुखाचं होत नाही. साऱ्या गावाचं होतं.

भाषा, पंथ आणि कोकणपट्टी

राजवाड्यांना कागद शोधताना भाषेचं वेड लागलं. त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ साली छापली आणि ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत जपून ठेवले होते. बाहेरच्यांना ते वाचता येत नसत. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली. त्यामुळे जुन्या मराठी गद्याचं मोठं भांडार अभ्यासकांना खुलं होण्याची वाट मोकळी झाली.

गावांच्या आणि माणसांच्या नावांचाही त्यांनी अभ्यास केला. गावाचं नाव झाडावरून पडलं का, पाण्यावरून, की तिथे आधी येऊन राहिलेल्या लोकांवरून? नावावरून वस्ती कशी झाली याचा माग निघू शकतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी सुचवलेल्या काही व्युत्पत्ती आज अभ्यासकांना पटत नाहीत. पण गावाचं नाव हेसुद्धा इतिहासाचं साधन आहे, ही दृष्टी मात्र टिकली.

१९२२ साली त्यांनी 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा हा ग्रंथ. त्यानंतर १९२४ साली 'महिकावतीची बखर' आली. महिकावती म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलं केळवे-माहीम. उत्तर कोकणात कोणती घराणी आली, कुणाला कोणती गावं मिळाली, राज्यं कशी बदलली, याची हकीकत या बखरीत आहे. प्रस्तावनेत राजवाड्यांनी वारली, कातकरी, ठाकर, कोळी अशा तिथल्या जुन्या समाजांचाही विचार केला. डोंगरातले आणि किनाऱ्यावरचे लोकही इतिहासाचा भाग आहेत, हे त्या काळच्या इतिहासलेखनात नवीनच होतं.

संस्था आणि वाद

एकट्याने किती फिरणार? कागदांना कायमचं घर हवं होतं. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. आजही पुण्यात ही संस्था आहे आणि तिथे लाखो कागद जपलेले आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. थोर माणसाची फक्त थोरवी सांगितली तर मुलांना अर्धाच माणूस कळतो. राजवाडे कागदाच्या बाबतीत जितके काटेकोर, तितकेच काही वेळा मत देताना एकांगी होत. जातींबद्दलचे त्यांचे काही निष्कर्ष त्या त्या समाजांना अन्यायाचे वाटले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी मंडळाच्या वृत्तात जे लिहिलं, त्यावरून मोठं वादळ उठलं. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिलं.

या वादातून आपण काय शिकायचं? एखाद्या समाजाचा इतिहास बाहेरच्या माणसाने लिहिला की त्यात लिहिणाऱ्याचे ग्रह मिसळू शकतात. इंग्रजाने मराठ्यांचा इतिहास लिहिताना जे होऊ शकतं, तेच मराठी माणसाने शेजारच्या समाजाबद्दल लिहितानाही होऊ शकतं. ग्रँट डफला जो नियम राजवाड्यांनी लावला, तोच नियम राजवाड्यांनाही लागू आहे. आणि हा नियम शिकवला कुणी? कागद दाखवा आणि मग बोला, असा आग्रह धरणाऱ्या राजवाड्यांनीच! त्यांची काही मतं मागे पडली. त्यांनी वाचवलेले कागद मात्र आजही तितकेच कामाचे आहेत, कारण त्यांना ज्यांची मतं पटत नाहीत त्यांनाही ते कागद उघडून बघता येतात.

धुळ्यातली अखेर

पुढे पुण्याच्या मंडळाशीही त्यांचं पटेना. ते बाहेर पडले. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी खानदेशात, धुळ्याला काढली. तिथेही काम थांबलं नाही. मराठीतल्या धातूंचा कोश, शब्दांच्या व्युत्पत्ती, विवाहसंस्थेचा इतिहास असे अनेक विषय एकाच वेळी चालू होते. त्यांचा धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली छापला गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं.

मागे जमीनजुमला नव्हता, मुलंबाळं नव्हती. होत्या त्या कागदांच्या पेट्या आणि टिपणं. धुळेकरांनी लगेच, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. या मंडळाने 'संशोधक' हे नियतकालिकही चालवलं. कोकणात मूळ गाव, पुण्यात शिक्षण, वाईला पहिलं घबाड आणि धुळ्यात शेवटचा श्वास. एका माणसाच्या आयुष्यात जवळजवळ सगळा महाराष्ट्र आला.

वर्गात हे करून पाहा

१. घरातले जुने कागद : खरेदीखत, सातबारा, फेरफार, जुनी लग्नपत्रिका, पोस्टकार्ड, आजोबांचा शाळेचा दाखला. मुलांनी मूळ कागद शाळेत आणू नये. घरच्यांची परवानगी घेऊन फोटो काढावा आणि कागद कुणाचा, कोणत्या सालचा, कुठे मिळाला हे वहीत लिहावं.

२. मोडी कागद सापडला तर : तो चिकटपट्टीने जोडू नये, लॅमिनेशन करू नये, रद्दीत तर मुळीच देऊ नये. कोरड्या जागी सुती फडक्यात ठेवावा आणि मोडी जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावा.

३. गावाच्या आणि शेतांच्या नावांची यादी : प्रत्येक शिवाराला, ओढ्याला, टेकडीला नाव असतं. ती नावं वयस्कर माणसांना विचारून लिहावीत. नावामागची गोष्ट एकापेक्षा जास्त असेल तर सगळ्या लिहाव्यात.

४. प्रत्येक वस्तीला विचारा : फक्त गावठाणातल्या वाड्यात जाऊन गावाचा इतिहास पूर्ण होत नाही. वाडी, पाडा, तांडा, वेशीबाहेरची वस्ती, सगळीकडे जावं. प्रत्येक समाजाची हकीकत त्याच समाजाच्या माणसाकडून ऐकावी. कुणाकडे कागद नसेल तर गाणं, ओवी, देवाची जत्रा, अवजार, यातलं काहीतरी नक्की असतं. तेही साधनच आहे.

५. दोन हकीकती जुळल्या नाहीत तर एक खोडू नये. दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्यात आणि कोणत्या गोष्टीला काय पुरावा आहे ते समोर मांडावं.

या उपक्रमाची वही वर्ष संपल्यावर मुलांना परत देण्याआधी तिची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीचा वर्ग तिच्यात भर घालील. पाच-सहा वर्षांत तुमच्या गावाचं एक छोटं दप्तर शाळेतच तयार होईल. इतिहासाचार्यांची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.